रिलिव्हर आल्याशिवाय

हिरामण बापू येळवंडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका दशक्रियेला, आणि तेव्हा ते एका पुढाऱ्याची जागा घ्यायला निघाले होते.

आमच्या खेड तालुक्यात दहाव्याला भाषणं होतात. पिंडाला कावळा शिवून उडून गेला तरी श्रद्धांजल्या संपत नाहीत. त्या दिवशी एक पुढारी वीस मिनिटं बोलत होता आणि मयत माणसाचं नाव सोडून बाकी सगळं बोलून झालं होतं. उन्हात बसलेली माणसं चुळबुळत होती. तेवढ्यात पांढरा सदरा घातलेला एक उंच, वाळका म्हातारा घाटाच्या पायऱ्या चढून त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिला. हात मागे बांधलेले. आवाज हळू होता, पण माईकने तो उचलला. "साहेब, तुमची शिफ्ट झाली. मी रिलिव्हर."

पुढारी इतका गोंधळला की त्याने माईक बापूंच्या हातात दिला. बापूंनी तो बंद केला. पण खाली ठेवला नाही. मंडपवाला येऊन ताब्यात घेईपर्यंत ते माईक छातीशी धरून तसेच उभे राहिले. तोवर माणसं उठून जेवायला बसलीसुद्धा होती.

रिलिव्हर हा शब्द आमच्या पट्ट्यात लहान पोरांनाही ठाऊक आहे. कंपनीत शिफ्ट सुटली तरी पुढच्या शिफ्टचा माणूस मशीनपाशी येऊन उभा राहत नाही तोवर मशीन सोडायचं नसतं. तो पुढचा माणूस म्हणजे रिलिव्हर. बापूंनी एका कंपनीत तीस वर्षं भट्टीवर काढली. लोखंड लालभडक तापवायची ती भट्टी, तिला एकटं सोडता येत नाही. रिटायर होण्याच्या दिवशी वरती हॉलमध्ये त्यांच्यासाठी शाल, श्रीफळ आणि मॅनेजरसाहेब ताटकळत बसले होते, पण रिलिव्हर आला नव्हता म्हणून बापू गेलेच नाहीत. शेवटी मॅनेजरसाहेबच खाली आले आणि भट्टीच्या धगीत घाम पुसत त्यांनी शाल घातली. बापूंनी एका हाताने नारळ घेतला, दुसरा हात व्हॉल्ववर होता.

माणूस रिटायर झाला, शब्द झाला नाही. न्हावी दाढी अर्धी सोडून फोन घ्यायला गेला की तोंडाला फेस लावलेले बापू खुर्चीतून विचारणार, "रिलिव्हर कोन?" लग्नात आचारी कढईपासून हलला की हेच. एकदा मी माझं मेडिकल उघडं टाकून आत दोन घास खायला गेले. बाहेर येऊन बघते तर काउंटरच्या आत बापू उभे, हात मागे बांधून, आणि समोर तीन गिऱ्हाइकं ताटकळलेली. काही विकत नव्हते, बोलतही नव्हते. मला म्हणाले, "मशीन मोकळं दिसलं म्हून थांबलो."

मी तेव्हा बरीच चिडले होते. मला चिडायला वेळ लागत नाही. मी मूळची लातूरकडची. नवऱ्याची कंपनी चाकणला म्हणून इकडे आले, आधी चिखलीत एका खोलीत दोन वर्षं काढली, मग पिंपळदऱ्याच्या फाट्यावर गाळा मिळाला तिथे मेडिकल टाकलं. औषधं आणायला एक जुनी व्हॅन घेतली, ती मीच चालवते. माझं सगळं घाईत असतं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी उभं राहणं मला जमत नाही, आमचे हे म्हणतात की तू झोपेतसुद्धा पाय हलवतेस. आणि माझ्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, कडुलिंबाखाली हा माणूस दिवसभर येरझारा घालणार. आठ पावलं इकडे, आठ पावलं तिकडे. बसायचं नाव नाही. एकदा मी म्हटलं, बापू, बाक आहे, बसा की. तर म्हणाले, "बसलं की झोप लागती. झोप लागली की भट्टी जाती."

भट्टी कुठेच नव्हती. होती ती अँब्युलन्स.

तिची गोष्ट अशी. एका कंपनीने आमच्या गावाला अँब्युलन्स दिली. कंपन्यांना गावांसाठी काही करावं लागतं, त्यातून ती आली. फीत कापली, पेढे वाटले, बोनेटवर हार घातला, कंपनीचं नाव दारावर एवढं मोठं की रुग्णवाहिका हा शब्द कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. सगळं झाल्यावर बापूंनी गर्दीतून हात वर करून विचारलं, चालवणार कोण? साहेब म्हणाले, गाडी आमच्या नियमात बसते, माणसाचा पगार बसत नाही. ग्रामपंचायत म्हणाली, पगाराला पैसे नाहीत. तालुक्याला गेले तर तिथे सांगितलं, गाडी तुमच्या गावची, तिला आमच्याकडे पद मंजूर नाही. म्हणजे गाडीला सगळे होते, माणसाला कोणी नव्हतं. वर्गणी काढून एक ड्रायव्हर ठेवला. तो चार महिन्यांनी कंपनीच्या बसवर गेला, तिथे पगार दुप्पट होता. त्याचं काय चुकलं म्हणा.

मग किल्ली ग्रामसेवकाच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगली गेली. एका सकाळी सरपंचांच्या चुलत्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा ग्रामसेवक मीटिंगला राजगुरुनगरला, ऑफिसला कुलूप आणि गाडी दारात. चुलत्यांना दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मध्ये बसवून नेलं. वाचले ते. सरकारी गाडी बोलावली होती, ती चाकणच्या ट्रॅफिकमधून वाट काढत आली तेव्हा चुलते दवाखान्यात चहा पीत होते.

त्या दिवसापासून बापू पेटले. किल्ली स्वतःकडे मागून घेतली आणि गाडी फाट्यावर, कडुलिंबाजवळच्या शेडपाशी आणून लावली. त्यांनी कंपनीसारखा तक्ता केला, पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, लाल-निळ्या पेनाने रकाने आखले आणि लायसन्स असलेल्या सगळ्यांची नावं परस्पर भरून टाकली. एकही माणूस आला नाही. दिवसभर कंपनीत शिफ्ट करायची आणि घरी आल्यावर बापूंची शिफ्ट करायची, हे कोणाला पटणार? तक्ता शेडच्या भिंतीवर महिनाभर नुसता फडफडला. बापू एकटेच सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे.

आणि मग गावात हरिनाम सप्ताह बसला.

सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. कोणीतरी ती गळ्यात घेऊन उभं असतं. दोन-तीन तासांचा पहारा असतो, पुढचा विणेकरी आला की दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. बापू मंडपाच्या खांबाला टेकून दोन दिवस ते बघत होते. जे लोक कंपनीत कार्ड पंच करायला पाच मिनिटं उशिरा जातात, ते आंघोळ करून वीणेच्या पहाऱ्याला दहा मिनिटं आधी येऊन थांबत होते. पगार नाही, ओव्हरटाइम नाही, तरी एकही खाडा नाही.

सप्ताह उठला. काल्याचा प्रसाद हातात असतानाच बापू उभे राहिले आणि त्यांनी खिशातून अँब्युलन्सची किल्ली काढली. तिला लाल गोफ बांधला होता. म्हणाले, "हीबी खाली ठिवायची न्हाई." आणि सरळ सरपंचांच्या गळ्यात घातली.

लोक हसले, पण तीन-तीन तासांच्या पहाऱ्याला नावं पटापट आली. तक्त्याला जे जमलं नाही ते गोफाला जमलं. किल्ली गळ्यात असेल तो पिणार नाही, गावाबाहेर जाणार नाही, गाडीपासून हलणार नाही. पुढचा आला की दोघं वाकणार, डिझेल किती, ऑक्सिजन किती ते सांगणार, मग किल्ली आणि अँब्युलन्सचा मोबाइल पुढच्याच्या हवाली. रात्रीचे पहारे म्हाताऱ्यांनी आणि दुसऱ्या शिफ्टवरून परतणाऱ्यांनी वाटून घेतले. मला वाटलं होतं, आठवडाभर चालेल. महिना झाला, दोन झाले, चालूच.

गोम निघाली ती देवराम मुंगश्यांच्या पहाऱ्यात. देवराम म्हणजे गावातले पट्टीचे विणेकरी. त्यांनी किल्ली गळ्यात घेतली, चपला काढल्या, डोळे मिटले आणि गाडीशेजारी ताठ उभे राहिले. पहाऱ्यात बसायचं नसतं, इकडची तिकडची बोलायचं नसतं. तासाभराने त्यांच्या खिशात अँब्युलन्सचा फोन वाजला. देवरामांनी डोळे उघडले नाहीत. फोन दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. मी दुकानातून ओरडले, देवरामकाका, फोन. त्यांनी डोळे मिटूनच मला हाताने गप्प केलं. मी रस्ता ओलांडून जाईपर्यंत फोन बंद पडला होता. एका वर्कशॉपमधल्या कामगाराच्या हातावर पत्रा आला होता. त्याला कोणीतरी पिकअपमध्ये घालून नेलं. हात वाचला, पण गाडी देणाऱ्या कंपनीला बातमी पोचली. साहेब आले आणि सौम्य आवाजात सांगून गेले की पुन्हा एक जरी फोन रिकामा गेला तर गाडी दुसऱ्या गावाला देऊ, मागणारी गावं पुष्कळ आहेत.

बापूंनी देवरामांना एक अक्षर बोलून दाखवलं नाही. रंगाचा डबा आणला आणि शेडच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने लिहिलं. एक, बसले तरी चालेल. दोन, चप्पल घालावी. तीन, फोन उचलणे हाच जप. देवरामांनी ते इतकं मनावर घेतलं की आता ते पहिल्या रिंगलाच उचलतात आणि "रामकृष्ण हरी, पत्ता सांगा" असं म्हणतात. पुढे सगळा गावच तसं म्हणायला लागला.

एकच दुखणं राहिलं होतं, दुपारी दोन ते पाच. त्या वेळात दुसऱ्या शिफ्टची माणसं कंपनीत गेलेली असतात आणि पहिल्या शिफ्टची परतलेली नसतात. शेतकरी असतात, पण त्यांच्याकडे लायसन्स नसतं. तक्त्यात सोमवार ते रविवार, दोन ते पाचच्या प्रत्येक रकान्यात एकच नाव होतं, हिरामण. आणि प्रत्येक नावाखाली टिंबटिंबांची एक मोकळी ओळ, दुसऱ्या कोणासाठी तरी.

ती ओळ माझ्यासाठी आहे हे मला माहीत होतं. वर्षभर बापू दुकानात आले की जाताना म्हणायचे, "ताई, दोन ते पाच." मी रोज नवीन सबब द्यायचे. दुकान कोण बघेल, माझं माहेर लातूरचं, बाईच्या गळ्यात किल्ली बघून लोक काय म्हणतील. शेवटी खरं ते सांगून टाकलं, बापू, मला एका जागी उभं राहता येत नाही. ते म्हणाले, मलाबी येत न्हाई. मी म्हटलं, दिसतंय.

त्या उन्हाळ्यात मात्र ते दुकानात वेगळ्याच कामाला यायला लागले. त्यांची एकुलती एक मुलगी, सुरेखा, राजगुरुनगरला दिलेली. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेरी बाई माणूस नव्हतं. बापूंची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. म्हणून सुरेखा सासरीच राहिली, आणि त्याची खंत बापू माझ्या काउंटरवर यादी करून काढत होते. बाळंतिणीला काय काय लागतं विचारून त्यांनी कंपनीच्या पद्धतीने चेकलिस्ट केली होती, प्रत्येक वस्तूपुढे चौकोन. चार महिने आधी ग्राइप वॉटर घेतलं. मी म्हटलं, बापू, याची तारीख संपेल. तर म्हणाले, मग दुसरं घेऊ, पन चौकोन मोकळा नको.

आता त्या दिवसाचं सांगते. वैशाखाचं ऊन, फाट्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अकरा ते दोनचा माणूस कंपनीत ओव्हरटाइमला अडकला होता, म्हणून अकरालाच किल्ली बापूंच्या गळ्यात आली होती. मी दुकानातून अधूनमधून बघत होते आणि मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं. बापू चालत नव्हते. गाडीच्या दाराला हात लावून एका जागी उभे होते.

पावणेदोनला माझा फोन वाजला. सुरेखाचा नवरा होता. मेडिकलवाल्या ताई का, म्हणाला, मामा आता त्यांचा फोन उचलत नाहीत, जरा निरोप द्या. सुरेखाला सकाळी दवाखान्यात आणलं होतं. रक्तस्राव खूप झाला होता, रक्ताची सोय चालली होती, थोड्या वेळात ऑपरेशनला घेणार होते. ती सारखी बापूंचं नाव घेत होती.

मी चपला अर्ध्या पायात अडकवून रस्ता ओलांडला.

"बापू, जावयाचा फोन होता."

"ठावं हाय," ते म्हणाले. "साडेअकराला आलता मला."

"मग?"

"मग काय. रिलिव्हर न्हाई आला."

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना नाही नाही ते बोलले. पोरगी तिकडे मरणाशी झुंजतेय आणि तुम्ही इथे गाडीला टेकून उभे, ती किल्ली टांगा त्या लिंबाला आणि निघा, गाव काही मरत नाही तीन तासांत, बाप आहात की कोण आहात. अजून बरंच. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग रस्त्याकडे बघत, मला सांगतायत की स्वतःला हे कळू नये अशा आवाजात, बायकोचं सांगितलं.

ती गेली हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कशी गेली ते मला माहीत नव्हतं. दुपारची वेळ होती. तिच्या छातीत दुखायला लागलं म्हणून शेजारणींनी बाजेवर घालून तिला याच लिंबाखाली आणून ठेवलं, एखादी गाडी मिळेल म्हणून. फाट्यावर एक जीप उभी होती, पण चालवणारा गावात जेवायला गेला होता. कंपनीच्या गेटवर निरोप पोचला, दहा मिनिटांत बापूंच्या कानावर आला. शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. रिलिव्हर चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकला होता.

"पाऊण तास उभा ऱ्हायलो भट्टीपाशी," बापू म्हणाले. "हितं आलो तवा तिच्या तोंडावर चादर व्हती."

मग राग पुन्हा वर आला, आधीपेक्षा जास्त. मी म्हटलं, मग आज परत तेच करताय?

"त्येच न्हाई, ताई." ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "भट्टीत लोखंड व्हतं. इझली असती तर पुन्ना पेटवली असती. तितनं मी निघाया पायजे व्हतं. हितनं न्हाई निघता येत. मी गेलो आन् कुनाचा फोन आला, तर त्यो बी आसाच पाऊन तास बसंल कुनाला तरी धरून."

त्यांचा हात अजून गाडीच्या दारावरच होता. मला रडायला आलं आणि रडायला आलं म्हणून स्वतःचा राग आला. वर्षभर हा माणूस माझ्याकडे फक्त तीन तास मागत होता आणि मी त्याला सबबी देत होते. भिंतीवरच्या तक्त्यात सात टिंबटिंबांच्या ओळी तशाच रिकाम्या होत्या.

"द्या ती किल्ली," मी म्हटलं.

बापूंनी माझ्या पायांकडे बघितलं. "चप्पल हाय ना?"

"आहे हो. द्या."

पण नुसती किल्ली देतील तर ते बापू कसले. पोरगी ऑपरेशनच्या दारात, आणि हा माणूस मला हँडओव्हर देत होता. डिझेल पाऊण टाकी. ऑक्सिजन भरलेला. मागच्या डाव्या चाकात हवा जरा कमी. स्ट्रेचरची कडी अडकते, तिला आधी खाली दाबायचं आणि मग ओढायचं. मी म्हणत होते, कळलं, जा आता, आणि ते म्हणत होते, कडी दाबून दाखवा. मी कडी दाबून दाखवली. मग त्यांनी गाडीचा फोन माझ्या हातात दिला, गोफ काढून माझ्या गळ्यात घातला आणि पाया पडायला वाकले. वडलांच्या वयाचा माणूस वाकलेला बघून मी मागे सरकले, मग रीत आठवली म्हणून मीही वाकले, आणि आमची डोकी आपटली. बापू कपाळ चोळत फाट्यावरच्या चहावाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसले आणि गेले.

मी दुकानाचं शटर ओढून त्यावर खडूने "पाचनंतर" लिहिलं आणि परत येऊन उभी राहिले. दोनला पाच मिनिटं कमी होती.

तीन तास ही केवढी मोठी गोष्ट आहे हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या दहा मिनिटांत मी ऑक्सिजनचा काटा चार वेळा बघितला. मग चालायला लागले. आठ पावलं इकडे, आठ तिकडे. तेव्हा कळलं की आठच का, नववं पाऊल उन्हात पडतं. सुरेखाचं काय झालं ते विचारायला जावयाला फोन करायची हिंमत होत नव्हती. एकीकडे अँब्युलन्सच्या फोनकडे डोळे लावून होते आणि तो वाजू नये म्हणून देवाला हात जोडत होते. बापू हे रोज करत होते. बारा वर्षांपूर्वीची ती दुपार ते रोज दोन ते पाच उभी करून बघत होते, आणि मी समोर बसून त्यांच्या येरझाऱ्यांना कंटाळत होते. मला माझीच लाज वाटली.

तीनच्या सुमाराला फोन वाजला. मी उचलून एका दमात म्हणाले, "रामकृष्ण हरी, पत्ता सांगा." पलीकडे कर्ज देणाऱ्या कुठल्याशा कंपनीतली मुलगी होती. तिने घाबरून फोन ठेवला.

लोक हसतील ही माझी भीतीही खोटी ठरली. शेळ्या घेऊन निघालेली एक म्हातारी थांबली, माझ्या गळ्यातल्या किल्लीकडे बघितलं, किल्लीला हात लावून तो कपाळाला लावला आणि शेळ्या हाकत पुढे गेली.

पाचला वीस मिनिटं असताना मोटारसायकल आली. बापू उतरले. चेहऱ्यावरून काही कळेना. सदरा घामाने भिजलेला, केसांत धूळ. ते येऊन माझ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि वाट बघू लागले. मला विचारायचं होतं ते एकच, पण त्यांच्या त्या उभं राहण्यापुढे माझं काही चाललं नाही. मी हँडओव्हर दिला. डिझेल पाऊण, ऑक्सिजन भरलेला, हवा कमी, कडी ठीक. फोन एक, कामाचा नाही. त्यांनी प्रत्येक गोष्टीला मान हलवली.

"आता सांगा," मी म्हटलं.

"वाचली," बापू म्हणाले. "रगत मिळालं. बोलली माज्याशी. उशीर का केला म्हून भांडली बी." मग म्हणाले, "मुलगी झालीया."

मी कोणाला तरी मिठी मारली असती, पण समोर बापूच होते. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, दोनदा पुसलं.

"ताई, सुरेखाची आय गेल्यापासनं तिची जागा मोकळी व्हती," ते म्हणाले. "बारा वर्सांनी रिलिव्हर आली."

आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही. म्हटलं, बापू, पाचला वीस मिनिटं आहेत, पहारा माझा आहे. त्यांनी घड्याळ बघितलं. नियम नियमच होता. ते बाकापाशी गेले, हाताने बाक झाडला आणि बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. दोन मिनिटांत त्यांची हनुवटी छातीवर टेकली आणि ते घोरायला लागले.

पाच वाजले. सव्वापाच झाले. माझ्या शटरपाशी दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली. पाच ते आठच्या माणसाचा फोन आला, तो चाकणच्या चौकात अडकला होता, अजून अर्धा तास तरी लागेल म्हणाला. मी गिऱ्हाइकांना हाताने थांबा म्हणून सांगितलं आणि बापूंना उठवलं नाही.